वर्कशीटवर काळ्या बाईच्या चित्राखाली 'कुरूप' छापलंय. शाळेकडे तक्रार करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी तिसरीत, शाळा पुण्यातली खासगी. विरुद्धार्थी शब्दांच्या वर्कशीटवर 'सुंदर'च्या वर गोऱ्या बाईचं चित्र आणि 'कुरूप'च्या वर काळ्या, जाड ओठांच्या बाईचं. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली दोन-तीन मुलं तुमच्या लेकीला 'कुरूप' अशीच हाक मारतात. पालकांच्या ग्रुपवर तुम्ही फोटो टाकलात तर अर्धेजण म्हणाले, 'एवढं काय त्यात', आणि एक बाबा तो फोटो चॅनेलवाल्यांना द्यायला निघालेत. तक्रार करावी का, आणि केली तर मुलीलाच त्रास होईल का, असं तुम्ही विचारताय.

तक्रार करा. लेखी करा. त्या बाबांना मात्र थोडे दिवस थांबायला सांगा. का, ते सांगते. जरा लांबेल, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

मी पुण्यात चोवीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, त्यातली बरीच वर्षं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. बी.एड.च्या काळातल्या माझ्या वहीत मानवी वंशांचा एक तक्ता होता. कॉकेसॉइड, मंगोलॉइड, निग्रॉइड, आणि प्रत्येकापुढे रकाने: त्वचा, केस, नाक, ओठ, डोळे. पाठ्यपुस्तकात तो नव्हता. मुलांना जादा माहिती मिळावी म्हणून मी दरवर्षी हौसेनं तो फळ्यावर काढायचे. 2012 च्या जुलैत सातवीच्या वर्गात तो काढला. वर्गात मणिपूरचा एक मुलगा होता, वडील लष्करात, नुकतीच इथे बदली झालेली. 'मंगोलॉइड'च्या रकान्यापाशी आले आणि मी त्याला उभं केलं. म्हटलं, याचे डोळे बघा, गालाची हाडं बघा, म्हणजे लक्षात राहील. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तोही हसला. मला वाटलं, त्याला गंमत वाटतेय.

पुढच्याच महिन्यात आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवांचं पीक आलं. पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली आणि गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी स्टेशनवर गर्दी उसळली. त्याच दिवसांत त्या मुलाची आई मला भेटायला आली. भांडायला आली नव्हती. हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मॅडम, वो पूछता है, हम लोग यहाँ के हैं कि नहीं." मग कळलं की माझ्या त्या तासापासून मुलं त्याला 'तक्ता' म्हणत होती. चिंकी, चायनीज हे शब्द बाहेर सगळीकडे होतेच, पण हा शब्द माझ्या फळ्यावरून गेला होता. तो मी पुसू शकत नव्हते.

हे तुम्हाला सांगतेय कारण शाळेतलं असलं बहुतेक सगळं कुठे छापलेलं नसतंच. ते बाईंच्या वहीत असतं, गाइडमध्ये असतं, कुठूनतरी उतरवून झेरॉक्स काढलेल्या वर्कशीटमध्ये असतं. स्नेहसंमेलनात असतं: मुलांना काळा रंग फासायचा, कमरेला पानं बांधायची, हातात भाला द्यायचा आणि त्याला 'आफ्रिकन डान्स' म्हणायचं. अनेक बालवाड्यांत दहा छोट्या रेड इंडियनांचं गाणं आकडे शिकवायला म्हणतात, डोक्याला पिसं लावून. ते मुळात 1868 सालचं अमेरिकेतलं गाणं आहे. तिथले मूळ रहिवासी एकेक करून कमी होत जातात, आणि तीच त्यातली गंमत. शिकवणाऱ्या बाईंना हे ठाऊक नसतं, त्यांच्या मनात वाईटही काही नसतं. वर्गात बसलेल्या मुलाला याचा काही उपयोग नाही.

आणि आपला लोकक्षोभ उसळतो तो छापील पानावर. जून 2020 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बर्दवानच्या एका शाळेत तुमच्या वर्कशीटसारखंच घडलं. लहान मुलांच्या इंग्रजी अक्षरओळखीच्या पुस्तकात 'अग्ली' या शब्दासोबत काळ्या माणसाचं चित्र होतं. टाळेबंदीत घरी मुलांचा अभ्यास घेताना ते पालकांच्या नजरेला आलं. ते सरकारी अभ्यासक्रमातलं पुस्तक नव्हतं, शाळेनं आपलं आपण लावलं होतं. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. आपल्याकडे 2017 च्या फेब्रुवारीत बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावरून गदारोळ झाला. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर लग्न जमणं अवघड जातं आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असं हुंड्याच्या कारणांत लिहिलं होतं. मजकूर काढू, असं शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं. योग्यच झालं. पण ते पान वाचून परीक्षेत तो मुद्दा लिहिणाऱ्या मुलींशी त्यांच्या वर्गात कोणी बोललं का? कारवाई झाली, बातमी झाली, पान गेलं. वाक्य डोक्यात राहिलं.

क्षोभाचा दुसरा प्रकारही पुण्यानं पाहिलाय. त्याच 2012 च्या मे महिन्यात, एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या बाबासाहेबांवरच्या जुन्या व्यंगचित्राचा वाद पेटला होता. प्रा. सुहास पळशीकर त्या पुस्तकांचे सल्लागार होते. त्यांचं विद्यापीठातलं कार्यालय फोडलं गेलं. ते चित्र अनेकांना मनापासून लागलं होतं, आणि ते लागणं खोटं नव्हतं. पण खुर्च्या मोडल्यावर चर्चा खुर्च्यांचीच झाली. मुलांना ते चित्र कसं दिसतं, हा मूळ प्रश्न मागे पडला.

म्हणून म्हणते, चॅनेलवाल्यांना थांबवा. कॅमेरा फाटकाशी आला की शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते, बाईंवर कारवाई होते, आणि वर्गातली मुलं तुमच्या लेकीकडे बोट दाखवतात: हिच्यामुळे बाई गेल्या. त्रास होतो तो असा. तुम्ही तक्रार केल्यामुळे होत नाही.

माझ्या बाबतीत पुढे काय झालं ते सांगते. मुख्याध्यापक म्हणाले, विषय वाढवू नका, मुलं विसरतील. मी चार दिवस झोपले नाही. मग त्याच वर्गात, त्याच भूगोलाच्या तासाला, तोच तक्ता पुन्हा फळ्यावर काढला आणि म्हटलं, हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. त्या मुलाला उभं केलं ती माझी दुसरी चूक. त्याची मी माफी मागते, तुमच्या सगळ्यांसमोर, कारण चूकही तुमच्यासमोरच केली होती.

नुसती माफी मागून मुलांचं समाधान होत नाही. त्यांना विचारायचं असतं, मग खरं काय? त्यासाठी मला इरावती कर्वे सापडल्या. आपण त्यांना लेखिका म्हणून ओळखतो, डेक्कन कॉलेजमधल्या मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. तरुणपणी, 1920 च्या दशकाच्या अखेरीस, त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांच्या कामाचा आधार मिळाला, तेच फिशर. कवटीच्या दोन्ही बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध लागतो, या त्यांच्या कल्पनेची पडताळणी करण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, शिकायला आलेल्या मुलीनं, आपल्याच मार्गदर्शकाला! वर्ग एकदम गप्प झाला. एका मुलीनं विचारलं, "मग त्यांना नापास केलं का?" नाही केलं, पदवी मिळाली. इरावतीबाईंनी परत आल्यावर आपल्या लोकांची मोजमापं घेण्याचं काम पुढे बरीच वर्षं केलं, हेही मी सांगितलं. मोठ्या माणसाचा अर्धाच भाग सांगितलेला मला आवडत नाही.

त्याला जोडून जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांचा 1972 चा अभ्यास सांगितला. माणसामाणसांत जो जनुकीय फरक आहे, त्यातला सुमारे 85 टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. म्हणजे या वर्गातल्याच दोन बाकांवर. त्वचेचा रंग हा मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि पूर्वज किती उन्हात राहिले याचा हिशेब आहे, त्यावरून स्वभाव किंवा बुद्धी कळत नाही.

आणि मलिक अंबर. हे तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतं, पण 'निजामशाहीचा वजीर' एवढं सांगून आपण पुढे जातो. इथिओपियात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार करत दख्खनेत आला, आणि मोगलांना वर्षानुवर्षं रोखून धरणारा सेनापती झाला. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्यानं वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आपली पुण्याची खडकी नव्हे. मी विचारलं, हबशी हा शब्द तुम्ही कधी ऐकता? हात वर झाले. जेवणावर तुटून पडणाऱ्याला हबशी म्हणतात, काळ्या माणसाला म्हणतात. म्हटलं, भातवडीला जिंकला तोही हबशीच होता.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. 'तक्ता' म्हणणं कमी झालं, बंद झालं नाही. तो मुलगा माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. वर्ष संपलं आणि वडिलांची बदली झाली. जाताना त्याच्या आईनं मला एक भरतकाम केलेला रुमाल दिला. तो घेताना माझी मान वर झाली नाही.

आता तुमच्या ग्रुपवरच्या 'एवढं काय त्यात'बद्दल. हे म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. ती सांगतात, आपला विठोबा सावळा, कृष्ण काळा, आपण कुठे रंगावरून भेद करतो? पण त्यांच्याच घरात मुलगी बघायला जाताना 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असं म्हणतात. त्या 'पण'मध्ये सगळं आलं. तुमच्या लेकीनं तो 'पण' आठव्या वर्षीच ओळखलाय. त्या पालकांशी ग्रुपवर वाद घालू नका. दोघा-तिघांना फोन करा, आणि फक्त विचारा: तुमच्या मुलाला हे वर्कशीट कसं समजलं, ते त्यालाच विचाराल का?

शाळेला पत्र द्या, मुख्याध्यापकांच्या नावे, आणि प्रत पालक-शिक्षक संघाला. पोचपावती घ्या. आधी बघून ठेवा की वर्कशीट कुठून आलं: खासगी प्रकाशकाचं, शाळेनं तयार केलेलं, की बाईंनी उतरवलेलं. प्रकाशकाचं असेल तर त्यालाही कळवा, नाहीतर पुढच्या वर्षी तेच छापून येईल. कधी बालभारतीच्या पुस्तकात काही खटकलं तर त्यांचं कार्यालय आपल्याच सेनापती बापट रस्त्यावर आहे, लेखी सूचना देता येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम 17 प्रमाणे, मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे, आणि कलम 29 मध्ये अभ्यासक्रम मुलाला भय आणि चिंतेतून मोकळं करणारा असावा असं म्हटलंय. पत्रात याचा एका ओळीत उल्लेख पुरे. धमकी वाटेल असं काही लिहू नका.

मागणी मात्र नेमकी करा. मी असं लिहीन:

"या वर्कशीटमुळे वर्गातली काही मुलं माझ्या मुलीला 'कुरूप' म्हणू लागली आहेत. वर्कशीट मागे घ्यावं. ज्या वर्गात ते शिकवलं, त्याच वर्गात, शक्यतो त्याच शिक्षिकांनी, ते चुकीचं होतं हे मुलांना सांगावं. माझ्या मुलीचं नाव त्या वेळी घेऊ नये आणि तिला उभं करू नये. कोणाला शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही."

शेवटचं वाक्य बाईंसाठी आहे. नोकरी जाणार नाही हे कळलं तर माणूस चूक कबूल करू शकतो. मला ते शक्य झालं कारण ती आई तशी वागली. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा तुमच्यावरच दबाव आला, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तेव्हा त्या बाबांनाही हवं ते करू द्या. मग मी त्यांना थांबा म्हणणार नाही.

लेकीशी आजच बोला. 'तू सुंदरच आहेस गं' एवढ्यावर सोडू नका. ते ती तुमच्याकडून ऐकणारच, आणि आई म्हणते म्हणून सोडूनही देणार. तिला सांगा की ते पान चुकीचं आहे आणि मोठी माणसंही चुकीचं छापतात. कोण काय म्हणालं ते तिला सांगू दे, मध्ये बोलू नका, लगेच उपाय सांगू नका. नावं घ्यायची नसतील तर आग्रह नको.

ते वर्कशीट वहीत चिकटवलेलं असेल तर रागाच्या भरात फाडू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, पत्राला प्रत जोडा. शाळेचं उत्तर आल्यावर त्या पानाचं काय करायचं ते तिलाच ठरवू द्या.