ईवान की नील?

ताई, आधी मनापासून अभिनंदन! होणाऱ्या बाळाचं नाव सासरचं वेल्श 'ईवान' (स्पेलिंग Ifan) ठेवावं की आपलं 'नील', असं विचारलंत. इथे वेल्समध्ये, कार्डिफला माझ्या दोन मुलांची नावं ठेवताना मीही अशीच घोळत बसले होते.

सुरुवातीला एवढंच करा:

- दोन्ही नावं मोठ्याने हाका मारून बघा. 'ईवान, जेवायला ये!' वेल्शमध्ये एकेरी 'एफ'चा उच्चार 'व' होतो आणि जोर 'ई'वर येतो. तुमच्या आईला ते सहज म्हणता येईल, पण इंग्लंडमधली नर्स कागद बघून 'इफान' म्हणेल. ते आयुष्यभर सांगत राहायची तयारी आहे का, हे तुम्हा दोघांनी ठरवा.
- सासरच्या वेल्श बोलणाऱ्या माणसाकडून उच्चार ऐका, इंटरनेटवरून नको. 'डिलन' म्हणून आपण ओळखतो ते नाव वेल्शमध्ये 'डलन'च्या जवळ जातं.

नेहमीची चूक म्हणजे चाळीस जणांना विचारणं. दोघांनीच ठरवा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्मनोंदणीला ४२ दिवस असतात, बाळाचा चेहरा बघून ठरवलं तरी चालतं.

एक गोष्ट मला फार आवडते. वेल्श लोकही पूर्वी आपल्यासारखं बापाचं नाव लावायचे. 'आप रीस' म्हणजे रीसचा मुलगा, त्याचंच पुढे 'प्राइस' आडनाव झालं. तुम्ही बापाचं नाव लावलं नाहीत तरी मधलं नाव रिकामं ठेवू नका.

मला विचाराल तर ईवान पुढे, नील मधे. नील इंग्लंडमध्येही ओळखीचं आहे, ते कुठेही निभावेल; ईवानला मात्र घरातूनच जपावं लागेल. स्पेलिंग वेल्शच ठेवा, 'व्ही' घालू नका. बाळाच्या वेल्श आजोबांना ते अक्षर खुपेल, कारण वेल्श वर्णमालेत ते नाहीच.