वाघाआधी माणसं बघ

वाघाचे देखणे फोटो काढणारे पैशाला पासरी मिळतात. तू फोटो-पत्रकार आहेस, बातमी शोध. सुंदरबनात जीव मुठीत धरून मध काढायला जाणारी माणसं हाच खरा विषय आहे, वाघ दिसला तर वरकमाई.

सुमात्रात पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन पेटते तेव्हा ज्वाळा फारशा दिसतच नाहीत, आग जमिनीखाली धुमसत राहते. तिथे फोटो मिळतो तो धुरात पाण्याचे पाइप ओढत नेणाऱ्यांचा, जळक्या जमिनीवर पामतेलासाठी लावलेल्या रोपांच्या रांगांचा. चांगला मास्क घे. लेन्स उघड्यावर बदलू नकोस. राख सेन्सरवर बसली की प्रत्येक फ्रेममध्ये तेच डाग.

खवल्या मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी २०१६ मध्ये बंदीचा निर्णय घेतला, पण तस्करी चालूच आहे. त्यावर काम करताना खबऱ्याचा चेहराच काय, त्याच्या हातातली अंगठीसुद्धा फोटोत येऊ देऊ नकोस. गेंड्याच्या फोटोतलं जीपीएस लोकेशन पाठवण्याआधी पुसून टाक, शिकारीही फोटो बघतात.

परवाने आधी काढ, हे वेगळं सांगायला नको. कॅप्शन मात्र त्याच रात्री लिही. प्राणी पिंजऱ्यातला असेल तर तसं स्पष्ट लिही, संपादकाने विचारो न विचारो.