ओव्हरीतला सिस्ट पीकेडीचा नाही, पण गायनॅकला किडनीचं सांगाच

ताई, "आजार आता ओव्हरीतही पसरला का?" हा तुमचा प्रश्न मी स्वतः आठ वर्षांपूर्वी रडत रडत विचारला होता. माझ्यासारखाच तुम्हालाही पीकेडी आहे (किडनीत सिस्ट, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, होत जाणारा आनुवंशिक आजार), तुमचा आईकडून आलेला. वय 34, आणि सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत 4 सेंमीचा सिंपल, म्हणजे आत नुसतं पाणी असलेला, सिस्ट दिसलाय. आधी उत्तर देते: नाही, पसरलेला नाही.

पीकेडीत लिव्हरमध्ये सिस्ट होतात, काहींना स्वादुपिंडातही, म्हणून ओव्हरीचाही नंबर लागला असेल असं वाटणं साहजिक आहे. पण पीकेडी असलेल्या आणि नसलेल्या बायकांची तुलना झाली तेव्हा ओव्हरीतले सिस्ट आपल्यात जास्त आढळले नाहीत. किडनीतला सिस्ट नळीच्या भिंतीला फुगा येऊन तयार होतो आणि वाढतच जातो. ओव्हरीतला बहुतेकदा पाळीच्या चक्रातला असतो. दर महिन्याला बीज धरलेलं फॉलिकल, म्हणजे ओव्हरीतली छोटी पिशवी, 2 सेंमीच्या आसपास वाढतं आणि फुटतं. एखाद्या महिन्यात फुटलं नाही, तर त्यात पाणी साठत राहतं. माझा 4.2 सेंमीचा होता. तीन पाळ्यांनंतर पुन्हा सोनोग्राफी केली तर जागेवर काही नव्हतं. किडन्यांमधले सिस्ट मात्र होते तसेच होते.

पीसीओडी हा तिसराच प्रकार, हार्मोन्सचा. "पॉलिसिस्टिक" शब्द दोन्हीकडे असल्याने घोळ होतो. माझ्या एका फाइलवर पीकेडीच्या जागी चक्क पीसीओडी लिहिलं होतं. तुमची फाइल एकदा उघडून बघा.

आता खरी काळजी कुठे घ्यायची ते सांगते. ओटीपोटात दुखतं म्हणून गायनॅककडे गेलं की मेफेनॅमिक ॲसिड किंवा डायक्लोफिनॅकची गोळी सहज लिहून मिळते. या गोळ्या आपल्या किडनीला चालत नाहीत. माझ्याही चिठ्ठीवर ती आली होती, कारण किडनीचं मी बोललेच नव्हते. पाळीच्या तक्रारीत किडनीचा काय संबंध, असं मला वाटलं. पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

दुसरं, सिस्ट विरघळावा म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या तर घाई करू नका. असा सिस्ट त्या गोळ्यांनी लवकर जात नाही. त्यातल्या इस्ट्रोजेनने लिव्हरमधले सिस्ट वाढू शकतात, बीपीही चढू शकतं. तुमच्या लिव्हरमध्ये सिस्ट आहेत का ते लिहिलं नाहीत. असतील तर नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पुढची सोनोग्राफी पाळी संपल्या संपल्या करा आणि शक्यतो योनीमार्गातून. किडनी खूप मोठी असेल तर तिचा खालचा सिस्ट ओटीपोटापर्यंत उतरतो आणि वरून बघताना गोंधळ होऊ शकतो. रिपोर्टमध्ये आकड्याइतकंच "सिंपल" या शब्दाला महत्त्व आहे. आत घट्ट भाग किंवा पडदे दिसत असतील, किंवा पाळी कायमची गेलेली असेल, तर तपास वेगळा होतो.

एका बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या झाल्या तर "किडनीचंच दुखणं, नेहमीचं" म्हणून अंगावर काढू नका. ओव्हरीला पीळ पडला असेल तर ती वाचवायला मोजके तास असतात. लघवीतून रक्त गेलं किंवा थंडी वाजून ताप आला तर संशय किडनीतल्या सिस्टवर जास्त, पण दवाखाना तेव्हाही त्याच दिवशी गाठा.