नगरसेवक आणि आयुक्त यांचं सारखं का वाजतं?

तुम्ही विचारलंय की नगरसेवक आम्ही निवडून दिलेले, मग बाहेरून आलेला आयुक्त त्यांना भारी कसा पडतो, आणि दोघांची भांडणं का संपत नाहीत.

मी एका महापालिकेच्या नगरसचिव विभागात होतो, महासभांची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभांची, इतिवृत्तं लिहिण्यात नोकरी गेली. माझ्या मते हे भांडण स्वभावाचं कमी आणि अंदाजपत्रकाचं जास्त असतं.

आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. स्थायी समिती, म्हणजे पैशाचे निर्णय घेणारी मोजक्या नगरसेवकांची समिती, त्यातला उत्पन्नाचा आकडा फुगवते, घरपट्टी-पाणीपट्टीची सगळी थकबाकी यंदा वसूल होणारच असं धरून. त्या कागदावरच्या पैशांतून प्रभागाप्रभागांत गटारं, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिरं धरली जातात. महासभेत आणखी भर पडते. मग नगरसेवक फाइल घेऊन लेखा विभागात जातो, तर वर शेरा असतो, ‘निधी उपलब्धतेनुसार’. इकडे नारळ फोडून झालेला! गल्लीत तोंड त्याला दाखवायचं असतं, आयुक्तांना नाही. पुढच्या सभेत माइक तुटला तर आम्हाला नवल वाटत नसे.

कायदाही असाच आहे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, कारभार नाही. याचं मूळ मुंबईत आहे. तिथले पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड (१८६५) यांच्या खर्चावर बोंब झाली आणि १८७२ च्या कायद्यानं निवडून आलेले सभासद आले. गंमत म्हणजे, कारभार एकाच अधिकाऱ्याच्या हाती असावा, असं लोकांच्या बाजूनं लढणारे मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांचंही मत होतं.

नगरसेवकांच्या हाती एक हत्यार आहे. एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश विरोधात गेले, तर सरकारनं आयुक्तांना परत बोलवावं, असं १९४९ चा महापालिका कायदा सांगतो. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथले आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा असा ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला, विरोधात फक्त भाजपचे सहा. तरी सरकारनं त्यांना हलवलं नाही. बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. महापालिकेचा ठराव निलंबित करायचा, मग विखंडित म्हणजे रद्द करायचा, हा अधिकार मंत्रालयाकडे आहे. त्यामुळे दोघंही एकमेकांशी बोलायच्या आधी मंत्रालयात फोन लावतात.

आमच्याकडे असे एक आयुक्त बदलून गेले तेव्हा फटाके वाजले. आठवड्याभरात नव्या साहेबांना शाल-श्रीफळ द्यायला तीच मंडळी आली, काखेत त्याच गटाराच्या फायली घेऊन.