मिळाल्यानंतरचा तिसरा मंगळवार

“मॅडम, सांगायलाही लाज वाटते, पण...” अशी सुरुवात झाली की पुढचं मला साधारण कळतं. हवं ते मिळालेलं असतं. कुणाला बाणेरला फ्लॅट, कुणाला कॅनडाचं पीआर, एकीला तर सात वर्षांच्या उपचारांनंतर मूल. आणि वाटायला हवं होतं तसं काही वाटत नसतं. गेल्या वर्षभरात ही तक्रार इतक्यांदा ऐकली की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यातला एक जण माझ्या मनात घर करून राहिलाय. त्याला आपण संदीप म्हणू. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

संदीप ३१ वर्षांचा. सहा वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर काढलेली. अभ्यासिकेत बारा-बारा तास, मेसचा डबा, रात्री चहाच्या टपरीवर कट-ऑफची चर्चा. दोनदा मुख्य परीक्षेत गळाला, एकदा मुलाखतीत. शेवटी राज्यसेवेतून नायब तहसीलदार झाला. घोडं गंगेत न्हालं. माझ्याकडे आला तेव्हा रुजू होऊन आठ महिने झाले होते.

मी सवयीने ‘तुम्ही’ म्हणाले, तर म्हणाला, “मला अहो-जाहो करू नका मॅडम. आठवडाभर ‘साहेब, साहेब’ ऐकतोच. इथे तरी नको.”

“बरं. काय होतंय?”

“काहीच होत नाही, हीच तर अडचण आहे. बापानं दीड एकर विकली माझ्यासाठी. आणि मी म्हणतोय मजा येत नाही. माझ्यासारखा नालायक मीच.”

इथे मी थांबले. त्याच्या बोलण्यात दोन दुखणी होती. एक, आनंद होत नाही. दुसरं, आनंद होत नाही म्हणजे मी नालायक. पहिलं दुखणं गाठीएवढं, दुसरं गाठोड्याएवढं. मी अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी आहे, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. १९५५च्या सुमारास या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. तिचं सार माझ्यापुरतं मी एका अक्षरात साठवलंय: ‘च’. आनंद व्हावा ही इच्छा. आनंद व्हायला‘च’ पाहिजे, ही मागणी. इच्छा अपुरी राहिली तर माणूस खट्टू होतो. मागणी अपुरी राहिली की तो स्वतःवर खटला भरतो.

पहिल्या दोन भेटी हा ‘च’ काढण्यात गेल्या. “दीड एकराच्या बदल्यात वडिलांनी तुझ्याकडे काय मागितलं होतं?” “पोस्ट.” “ती दिलीस?” “दिली.” “रोज खुशीत राहीन, असंही लिहून दिलं होतंस का?” तो हसला. झोप सुधारली, स्वतःला शिव्या घालणं कमी झालं. पण रिकामपण होतं तिथेच होतं.

मग मी चुकले. अशा वेळी हाताशी असलेलं स्पष्टीकरण मी उचललं: स्वप्न वडिलांचं असणार, याने नुसतं ओझं वाहिलं. आजकाल हे निदान फार खपतं, चित्रपटांतही आणि आमच्या धंद्यातही. मी तसं सुचवलं आणि इतका शांत मुलगा एकदम तडकला.

“स्वप्न माझंच होतं मॅडम. पोस्ट मिळाली पण मजा गेली, आता स्वप्नही माझं नव्हतं म्हणता. ते तरी राहू द्या माझ्याकडे.”

मी माफी मागितली. त्या रात्री नोंदी लिहिताना लक्षात आलं की त्या स्वप्नात नेमकं काय दिसायचं, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी विचारलं. त्याने डोळे मिटले आणि भडाभडा सांगत सुटला. यादीत नाव. आईला फोन. वेशीवर ढोल-ताशा, डोक्यावर फेटा, अंगभर गुलाल. चौकात फ्लेक्स. वडील ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी उभे. सहा वर्षं रोज रात्री झोपण्यापूर्वी हेच बघायचा. आणि गंमत म्हणजे यातलं सगळं तसंच्या तसं घडलंही होतं.

“मग?”

“मग काय? मिरवणूक देवळापाशी संपते.”

“आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?”

तो गप्प झाला. बराच वेळ. शांतता भरून काढायचा मोह आवरायला मला वीस वर्षं लागली आहेत. त्या दिवशी तो आवरल्याचं सार्थक झालं.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “दुसरा दिवस त्यात नव्हताच.”

सहा वर्षांत पदावर बसून काम करणारा संदीप त्याने एकदाही डोळ्यांसमोर आणला नव्हता. दाखल्यांवरच्या सह्या, निराधार योजनेच्या अर्जांचा ढीग, निवडणुकीची कामं, तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत एकट्याने खाल्लेला डबा. स्वप्न पुरं झालं होतं. फक्त ते एका दिवसाचं होतं आणि नोकरी सत्तावीस वर्षांची.

पद, पैसा, घर यांनी सुख मिळत नाही, असं मी कधीच म्हणत नाही. असं म्हणणाऱ्यांकडे बहुधा तिन्ही असतं. स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्यांचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं एकूण समाधान वाढलेलं होतं आणि ते दहा वर्षांहून जास्त टिकलं होतं. पण ‘सध्या किती आनंदी आहात’ या प्रश्नावर आणि मानसिक आरोग्यावर परिणाम बराच कमी दिसला. मला तो संदीपचाच अभ्यास वाटतो. आयुष्याकडे मागे वळून पाहिलं की त्याला समाधान होतं: आई आता चारचौघांत ताठ मानेने वावरते, कर्ज फिटतंय. आनंद मात्र तो त्याच ठिकाणी शोधत होता, आणि आनंदाचा हिशेब तासांत होतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता आपण काय करत असतो, कुणासोबत असतो, यावर तो ठरतो.

म्हणून मी त्याला एक काम दिलं. ‘छान वाटलं’ अशा गोष्टी लिहायला सांगितल्या नाहीत. ती यादी लोक मला खूश करायला लिहितात. त्याला म्हटलं, कोणत्या वेळी मोबाईल बघायचं विसरलास, तेवढंच लिही.

दोन आठवड्यांत एकच नोंद आली. अवकाळीच्या नुकसानीची पाहणी करायला गेला होता. एका म्हातारीची म्हैस वीज पडून मेलेली, पण पशुवैद्यकीय दाखला नाही म्हणून प्रकरण अडणार होतं. याने फोनाफोनी करून डॉक्टरांना संध्याकाळी वस्तीवर आणवलं, कागद पुरा करून घेतला. खोलीवर पोचला रात्री अकराला. “जेवायचंही राहिलं,” असं तक्रारीच्या सुरात सांगत होता, आणि चेहरा मात्र आठ महिन्यांत पहिल्यांदा उजळला होता. मी फक्त म्हटलं, “आरशात बघ.” असे क्षण आमच्या कामात थोडे, पण त्यांवर पुढची दहा वर्षं निघतात.

तेव्हापासून कुणी ‘एकदा का हे झालं की मग...’ म्हणालं की मी कागद पुढे करते. जे हवंय ते मिळाल्यानंतरचा तिसरा मंगळवार लिहा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने. पहिला आठवडा सत्कारांचा, दुसरा पेढ्यांचा. तिसऱ्या मंगळवारी आयुष्य खरं सुरू होतं. फ्लॅट हवा असेल तर त्या फ्लॅटमधून ऑफिसला पोचायला किती वेळ लागतो, तेही लिहा. परदेश हवा असेल तर संध्याकाळी सहाला दार कोण वाजवणार, ते लिहा. कागद भरला तर जोमाने मागे लागा. भरेना, तर इच्छा सोडूनच द्यायला हवी असं नाही, पण आपल्याला वस्तू हवी आहे की तिची मिरवणूक, हे तरी कळतं. ज्यांना आधीच मिळालंय, त्यांनी स्वतःला कृतघ्न ठरवण्यापूर्वी मोबाईल विसरायला लावणारे तास शोधावेत आणि त्यांना आठवड्यात हक्काची जागा द्यावी.

एक मात्र सांगून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागद-पेन बाजूला ठेवा. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

संदीप शेवटच्या भेटीला आला तेव्हा जरा चोरट्यासारखा बसला होता. पुन्हा फॉर्म भरला होता, या वेळी उपजिल्हाधिकारी पदासाठी. मी काही बोलायच्या आत त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिसरा मंगळवार. साडेपाचला धावणं, दहाला बैठक, बाराला अभ्यागतांच्या भेटी, रात्री घरी फोन. दुपारी चारसमोर कोरं होतं.

“चारला काय?”

“ते तिथे गेल्यावर बघतो,” तो म्हणाला. “एखादी म्हैस मिळेल.”