चित्र अर्धवट की अपूर्ण?

मिरजेच्या एका वाचकांनी एका चित्राचा फोटो पाठवून प्रश्न विचारलाय. त्यांचे काका चित्रकलाशिक्षक होते. ते गेल्यावर माळ्यावर सांगलीच्या मारुती चौकातल्या गर्दीचं एक तैलचित्र सापडलं, पुरं न झालेलं. घरच्या घरी प्रदर्शन मांडताना पुतण्यानं खाली पट्टी चिकटवली: 'नगरजीवन (अर्धवट)'. काकू उखडल्या, "ह्यांना अर्धवट म्हणायचं नाही!" मग लिहायचं काय? अपुरं, अधुरं की अपूर्ण?

काकूंचा कान पक्का आहे. 'अर्धवट' म्हटलं की बोट करणाऱ्याकडे वळतं. अर्धवट शिजलेला भात, अर्धवट सोडलेलं शिक्षण. कुणीतरी कुठेतरी कमी पडलेलं असतं. माणसालाच अर्धवट म्हटलं तर मग विचारायलाच नको. 'अपुरं'चं नातं पुरण्याशी. पगार अपुरा, पाणी अपुरं. अपुरं काम असंही आपण म्हणतो, पण 'अपुरं चित्र' ऐकून मला ते भिंतीला लहान पडल्यासारखं वाटतं. 'अधुरं' स्वप्नाला, भेटीला शोभतं. पट्टीवर आलं की उगाच गळा काढतं. राहिला 'अपूर्ण'. कोरडा शब्द, कुणाला बोल न लावणारा. पट्टीला तोच बरा.

पण खरी मेख पुढे आहे. या चित्रातलं अपूर्ण नेमकं काय?

पत्रात लिहिलंय, 'माणसांना डोळेसुद्धा काढायचे राहिलेत.' राहिलेले नाहीत हो! चेहरे जांभळे-हिरवे, दुकानांच्या पाट्यांवर अक्षर नाही, रिक्षा चौकातच कलंडल्यासारखी. ही अभिव्यक्तिवादी रीत. दृक्प्रत्ययवादी चित्रकार डोळ्याला जाणवलेला प्रकाश टिपतो. अभिव्यक्तिवादी मात्र गर्दीत जीव कसा घुसमटला ते रंगवतो. जर्मन चित्रकार किर्खनरनं 1913 ते 1915 दरम्यान बर्लिनचे रस्ते असेच टोकदार, ताणलेल्या माणसांचे रंगवले. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर यांची हुबेहूब चित्रं पाहून घडलेल्या आपल्या नजरेला असे चेहरे 'राहिलेले' वाटतात, एवढंच.

खालचा उजवा कोपरा मात्र निराळा. तिथे कोळशाच्या रेघा उघड्या आहेत आणि वर टर्पेंटाइननं पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा एकच हात. तैलरंगात पातळ थर आधी, तेलकट जाड थर नंतर. डावीकडे रंग बोटाला लागेल इतका जाड चढलाय. कोपऱ्यात मधल्या थरांचाही पत्ता नाही. शिवाय कोळशानं हातगाडीची दोन चाकं नीट मापून आखलीत. जे रंगवायचंच नाही ते इतकं कोण मोजून आखतं? कोपरा अपूर्ण, चेहरे पूर्ण, असं मी म्हणेन.

आपल्याकडे पूर्णसाठी 'हातावेगळं' हा फार नेमका शब्द आहे: काम हातातून सुटलं, आता ते वेगळं. पण चित्रकाराचा हात सुटतोच असं नाही. किर्खनरनं ड्रेस्डेनचा रस्ता 1908 मध्ये रंगवला, 1919 मध्ये पुन्हा त्यावर हात फिरवला आणि चित्रावर साल घातलं 1907! तुमच्या काकांच्या चित्रावर सही नाही म्हणता. पण तेवढ्यावरून काही ठरवू नका, सही विसरणारे कमी नाहीत; माझा भर कोपऱ्यावरच आहे.

'नगरजीवन' मात्र काढा. शाळेतल्या निबंधाचा मथळा वाटतो, आणि चौक तर ओळखू येतोय. पट्टी अशी करा: 'मारुती चौक, सांगली. कॅनव्हासवर तैलरंग. अपूर्ण.' कंस नको, कंसातला शब्द खालच्या आवाजात माफी मागतो. काकूंना एकदा वाचून दाखवा. आणि फ्रेमवाल्याला आधीच सांगून ठेवा, उजवा कोपरा फ्रेमच्या पट्टीखाली दाबू नकोस; तो नीटनेटकेपणासाठी नेमका तोच झाकेल.