जुन्या भिंतींना सिमेंटच्या थापा

गेल्या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त ओल आणि सिमेंटचेच होते, म्हणून ते एकत्रच घेतलेत.

दर्शनी दगडी भिंत धुरानं काळी पडलीये. सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार फवारा) करून घेऊ का?

नाही. दगडाचा वरचा थरच खरवडून निघतो आणि तो परत येत नाही. आधी नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, तेही एका कोपऱ्यात करून बघा.

बाजारपेठेत आमचं शंभरेक वर्षांचं विटांचं दुकान आहे. भिंतीला खालून ओल येते, लोणा लागलाय. मिस्त्री म्हणतात सिमेंटचं प्लास्टर करा, वर वॉटरप्रूफ कोट मारा, कंपनी दहा वर्षांची गॅरंटी देते.

गॅरंटी डब्यातल्या मालाची असते हो, भिंतीची नाही! हे मी सांगून सांगून दमले, तरी परत सांगते. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण ते सगळीकडे पोचायला बरीच वर्षं गेली, तोवर आणि त्यानंतरही कित्येक ठिकाणी गवंडी चुन्यातच बांधत होते, तुमचं दुकानही बहुधा तसंच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, तरी विटेपेक्षा मऊच राहतो, आणि तो तसाच हवा, कारण भिंतीतलं पाणी दरजांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडतं, क्षार तिथेच साचतात आणि झिजायचं ते दरज झिजते, वीट वाचते. दरजा काय, पुन्हा भरता येतात. तिथे सिमेंट भरलंत की पाण्याची वाट बंद, मग ते विटेतून निघतं, क्षारांचे खडे विटेच्या आत फुगतात आणि काही वर्षांनी विटांचे पापुद्रे सुटायला लागतात. वरून प्लास्टर मात्र कोरडं दिसतं, त्यामुळे सगळे खूश!

आणि ते मीटर भिंतीला टोचून ‘बघा किती ओल’ म्हणणारे सेल्समन. ती मीटरं मुळात लाकडासाठी बनवलेली, क्षार असले की कोरड्या भिंतीतही आकडा चढतो. त्यावरून केमिकल इंजेक्शनचं (ओल अडवायला भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं) कोटेशन मान्य करू नका.

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. पन्हळ फुटलीये का, बाहेरचा रस्ता थर चढत चढत जोत्याच्या वर आलाय का, भिंतीलगत फरशी टाकलीये का. ते बंद केलं की थांबा. जाड भिंत वाळायला इंचाला साधारण महिना धरतात, म्हणजे चौदा इंची भिंतीला वर्षाहून जास्त. गिलावा नंतर, चुन्याचाच, आणि मिश्रण कुठलं ते चुन्यात काम केलेल्या कन्झर्व्हेशन आर्किटेक्टला भिंत दाखवूनच ठरवा, मी इथून सांगणार नाही.

भिंतीला उभा तडा आहे. लोखंडी पट्ट्या ठोकून जोडला तर चालेल ना?

अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निखळलेले दगड लोखंडी क्लॅम्पनी जोडले होते, ते गंजून फुगले आणि संगमरवरच फुटला, मग ते काढून टायटॅनियमचे घालावे लागले. तेव्हा ठोकाठोकी नको. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण, शेजारी तारीख, आणि फोटो काढून ठेवा. वाढतोय की जुनाच आहे ते स्ट्रक्चरल इंजिनीयर ठरवेल. भिंत पोटात फुगली असेल किंवा दरवाजे अचानक अडायला लागले असतील तर खुणाबिणा राहू द्या, इमारत रिकामी करा आणि आजच बोलवा.

लाकडी खिडक्यांचा खालचा भाग कुजलाय. ॲल्युमिनियमच्या बसवू?

कुजलेलं कापून तेवढाच नवा तुकडा सांधता येतो. सुताराला विचारा, खिडक्या विकणाऱ्याला नाही.

फक्त दर्शनी भाग ठेवून मागे नवीन बांधलं तर वारसा जपला असं होतं का?

मुखवटा जपला असं होतं. तरी कधीकधी तेवढंच हाती उरतं, पण परवानगीआधी मागचं पाडू नका. तुमची इमारत संरक्षित यादीत आहे का हे तरी बघितलंय का?

वरचा मजला बरीच वर्षं बंद आहे. भावाभावांत ठरत नाहीये, तोवर काय करावं?

भावांचं ठरेल तेव्हा ठरेल, वाळवी त्यासाठी थांबत नाही. निसटलेली कौलं बसवा, पन्हळ साफ करा, दोन खिडक्या किलकिल्या ठेवा म्हणजे वारा खेळेल. तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे जाणकाराकडून टोचून बघून घ्या, पावसाच्या आधी.